जिंगोरोंचा गंज

कुमामोतोत माझं चहाचं दुकान आहे, आणि माझा बराचसा चहा लोखंड पितं. शेजारचे जिंगोरो तलवारीच्या मुठीखाली बसणाऱ्या लोखंडी चकत्या करतात. त्यांना त्सुबा म्हणतात. छिन्नीने चकतीवर बारीक आडव्याउभ्या रेघा मारायच्या, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग लोखंडावर मुद्दाम गंज चढवायचा. हवा तसा रंग आला की चकती चहात उकळून गंज थांबवायचा. जिंगोरो फारसं बोलत नाहीत. त्यांची बायको ओतामे ती कसर भरून काढते.

यंदा त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. ओकिनु, कोळ्यांच्या घरची, भारी कामसू. सासरे अंघोळीला गेल्याचं पाहून तिने फळीवरची गंजकी चकती उचलली आणि राख लावून लख्ख घासली.

ओतामेचा आवाज ऐकून मी धावत गेलो.

"सरदारांचा जुना त्सुबा आहे तो, यांनीच केलेला, पुन्हा रंग चढवायला आलेला. मेलीने कढईसारखा घासलाय. आजच्या आज हिला माहेरी पाठवा."

"मला वाटलं, खराब झालाय," ओकिनु रडत म्हणाली. मला तिची फार दया आली, पण बोलायची माझी छाती झाली नाही.

जिंगोरो ओल्या केसांनीच आले. त्यांनी चकती उजेडात धरली. गंज गेला होता, पण सोन्याची फुलं जागच्या जागी होती.

"जोर लावून घासलीस?"

"हो, मामंजी."

ते आत गेले आणि घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या, जुनीपासून नवीपर्यंत, आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या. "घास."

"यांचं डोकं फिरलं," ओतामे मला म्हणाली.

ओकिनु घासत गेली. सोनं कुठे हललं नाही. शेवटची चकती या वसंतात केलेली. ती घासता घासता ओकिनु थांबली आणि तिने मूठ मिटली.

"मूठ उघड."

"काही नाही, मामंजी."

"उघड, पोरी."

तळहातावर सोन्याच्या दोन पाकळ्या होत्या.

जिंगोरोंनी हातोडी उचलून मुलापुढे, याहेइपुढे ठेवली. "आजपासून सोनं तू ठोक. माझ्या हातात आता जोर राहिला नाही."

"मला दिसत होतं, बाबा," याहेइ म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

याहेइने मान खाली घातली. ओतामेही खाली बघत होती. तेव्हा मला कळलं की तिलाही दिसत होतं.

"सूनबाई कुठेही जाणार नाही," जिंगोरो बायकोला म्हणाले. "या घरात मला खरं दाखवणारी ती एकटीच. आणि तिलाही मूठ उघड म्हणावं लागलं."