पाठीवर बजावलेला हुकूम

सटवाजी बेलिफ कुणाचंही दार वाजवण्याआधी चपला काढायचा. उंबऱ्यापासून चार हात अलीकडे, टोकं रस्त्याकडे करून त्या नीट जोडून ठेवायचा आणि मग पुढे व्हायचा. लोकांना ही नम्रता वाटे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मलाही वाटली, आणि मी तसं त्याला बोलून दाखवलं.

"नम्रता कशाची, साहेब," तो म्हणाला. "चपला घालून पळता येत न्हाई. तोंड रस्त्याकडं असलं की पळता पळता उचलायला बराबर पडतंय."

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात कारकून होतो. समन्स, नोटिसा, हुकूम नोंदवून बेलिफांच्या हाती देणं हे माझं काम, आणि ते माणसांच्या हाती देणं हे त्यांचं. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. कमानी आणि सत्कारांचा हंगाम जोरात होता. त्या सगळ्या धामधुमीत न्याय नावाची गोष्ट गावात शिरायची ती सटवाजीच्या सायकलवरून. हँडलला खळीचा डबा टांगलेला. माणूस सापडला नाही किंवा त्यानं कागद घेतला नाही, तर पंचांच्या सह्या घेऊन कागद त्याच्या दारावर चिकटवायचा असतो. त्यासाठी त्याची बायको भाकरी झाल्या की उरल्या आरावर गव्हाच्या पिठाची खळ शिजवून द्यायची. त्या वासानं गावोगावची कुत्री त्याच्यावर भुंकायचं सोडून शेपट्या हलवत मागे येत. माणसांचं तसं नव्हतं.

आमच्या कोर्टाचं निम्मं दप्तर त्याच्या अंगावर होतं. जेवणाच्या सुट्टीत तो सदरा वर करून दाखवायचा. "ही बरगडी बांधाच्या भांडणाची. हा दात घराच्या ताब्याचा. अन् डोस्क्यातले हे टाके पोटगीचे. बाई बिचारी गरीब, पन सासरा लई जोरकस." मी एकदा विचारलं, एवढा मार खाऊन नोकरी कशी करवते? त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मार बेलिफाला बसतो, हुकमाला न्हाई. हुकूम दारात पोचला की आपलं काम सपलं."

जवळा बाजारच्या रस्त्यावर एका गावाबाहेर टेकडी होती. टेकडीच्या पायथ्याशी बौद्ध वस्ती आणि माथ्यावर नव्यानं बसलेला खडी क्रशर. दुपारी सुरुंग उडायचे. विहिरीला भेगा पडल्या, कापसाच्या बोंडावर आणि ताटातल्या भाकरीवर एकाच रंगाची धूळ बसू लागली. एका दुपारी वस्तीतल्या धुरपताबाईची सून सुनंदा भाकरी थापत होती. पाट्याएवढा दगड पत्रा फोडून आला आणि थेट काठवटीत पडला. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. जाब विचारायला वर गेलेल्या दोन माणसांना मालकाच्या लोकांनी पहारीनं झोडपलं. एकाचा जबडा असा मोडला की तो पुढं जन्मभर पेजच प्यायला.

मग हिंगोलीच्या एका तरुण वकीलबाईंनी वस्तीतर्फे दावा लावला आणि कोर्टानं तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला: पुढील आदेश होईपर्यंत वस्तीलगत सुरुंग लावू नये. फक्त हा हुकूम मालकाला मिळायला हवा होता. तो मिळाला हे शाबीत होईपर्यंत मोडला असं म्हणता येत नाही, ही कायद्यातली बारीक फट मालकाला चांगली ठाऊक होती.

मालकाला सगळा परिसर भाऊसाहेब म्हणे. कमानींवर त्यांच्या नावामागे इतकी विशेषणं असत की नावापर्यंत पोचताना वाचणाऱ्याला दम लागे. बारशापासून शोकसभेपर्यंत कुठेही ते भाषण करत. आवाज खणखणीत होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान. माईक नसला तरी चालायचं, श्रोते नसले तरी चालायचं. कोर्टाचा कागद आला की मात्र भाऊसाहेब परगावी असायचे. दोन बेलिफ हुकूम तसाच घेऊन परत आले; अहवाल दोघांचा एकच: "प्रतिवादी गावी नाही. पंच सही करण्यास तयार नाहीत." आणि टेकडीवर सुरुंग उडतच राहिले.

धुरपताबाई आमच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसली.

"साहेब, कोर्टानं थांब म्हनलं ना?"

"म्हटलं, बाई. पण हुकूम अजून पोचला नाही."

"दगड तर रोज पोचून राहिला," ती म्हणाली. "त्याला काहून पंच लागत न्हाईत?"

 सटवाजी दारात डब्याचं झाकण पुसत उभा होता. तो आत आला आणि माझ्यापुढे हात पसरला. "आणा तो कागद इकडं."

पुढचं मला धुरपताबाईनं सांगितलं. ती त्याच्यामागून टेकडीच्या कडेपर्यंत गेली होती. भाऊसाहेब क्रशरवरच होते. सटवाजी वर पोचला. तिथं दार नव्हतं, उंबरा नव्हता, नुसतं उघडं माळरान आणि कड्यावर धडधडणारं यंत्र. तरी त्यानं सवयीनं चपला काढल्या, टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या, आणि तिथंच चुकला. खाली सगळी नवी फोडलेली खडी. माणसं अंगावर आली तेव्हा त्या धारेवर अनवाणी त्याला चार पावलंही पळता येईना.

पहिली पहार गुडघ्यावर बसली, दुसरी उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज यंत्राच्या आवाजातूनही ऐकू आला, असं धुरपताबाई म्हणे. त्याला खडीवर पालथा पाडून दोघांनी त्याची मान पायाखाली दाबून धरली. तोंडात रक्त आणि दगडाची पूड. मग भाऊसाहेब पुढे झाले. त्याच्या पिशवीतून हुकूम काढला आणि क्रशरच्या कामगारांपुढे सभेत वाचावा तसा सगळा वाचून दाखवला. मधेच थांबून म्हणाले, "अरे, आमच्या नावामागं नुसतं 'प्रतिवादी'? श्रीमंतांचं नाव असं लिवत्यात व्हय?" माणसं हसली. "दारावर चिकटवायचा म्हनं कागद. हे बघा आमचं दार." त्याच्याच डब्यातली खळ मूठभर घेऊन त्यांनी हुकूम त्याच्या पाठीवर थापला आणि वरून लाथ घातली. "जा. आता सुरुंग उडनार हाय. कोर्टाला म्हनावं, थांबव."

सटवाजी रक्ताळल्या पायांनी टेकडी उतरत असतानाच सुरुंग उडाला. एक कपची त्याचा कान फाडून गेली. त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. वस्तीतल्या बायकांनी त्याला ओढून घरात घेतलं. धुरपताबाई ओलं फडकं घेऊन पाठ पुसायला वाकली तर तो ओरडला, "हात लावू नको, बाई! तो कोर्टाचा कागद हाय!"

दवाखान्याआधी तो कोर्टात आला. एसटीत सगळा रस्ता उभ्यानं, पाठ कशालाही टेकू न देता. माझ्या टेबलासमोर तो पाठमोरा उभा राहिला आणि मला कोर्टाचा शिक्का दिसला, रक्तानं अर्धा भिजलेला, पण वाचता येणारा.  त्याचा उजवा हात चालतच नव्हता, म्हणून अहवाल मी लिहिला आणि त्यानं सांगितला.

"ल्हा. प्रतिवादी समक्ष भेटले. हुकूम त्याहिनं आपल्या हातानं घेतला. अडखळत अडखळत वाचला. समजून घेतला. आपल्या हातानं माझ्या पाठीवर चिकटवला. सबब बजावणी पूर्ण."

"सटवाजी, अडखळत वाचला का त्यांनी?"

"न्हाई. झकास वाचला."

"मग खोटं कशाला लिहायचं?"

फुटक्या ओठानं त्याला हसता येत नव्हतं, पण डोळे हसले. "मी पंधरा वर्सं लोकायच्या दारात उभा हाय, साहेब. कोन मानूस कशानं भडकतो ते मला कळतं. ल्हा तुमी."

मी लिहिलं. माझ्या नोकरीत मी जाणूनबुजून लिहिलेला तो एकच खोटा शब्द.

हुकूम मोडल्याच्या सुनावणीला सटवाजीचा शर्ट कागदासकट निशाणी म्हणून टेबलावर मांडला होता. भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यात पिंजऱ्यात उभे राहिले. शपथेवर म्हणाले, हुकूम मला मिळालाच नाही; मिळाला असता तर शिरसावंद्य मानला असता. बेलिफ दारू पिऊन टेकडीवरून पडला असावा. कागद त्यानं स्वतःच चिकटवला असेल. स्वतःच्या पाठीवर कसा, हे विचारण्यात वकीलबाईंनी वेळ घालवला नाही. त्यांनी अहवाल उचलला.

"बेलिफ लिहितो, तुम्ही हुकूम अडखळत वाचला. मराठी वाचायला तकलीफ होते का आपल्याला?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. भाऊसाहेबांची मान लाल झाली.

"कोन म्हनतो अडखळत? पहिल्या ओळीपास्नं शिक्क्यापत्तर खणखणीत वाचला मी! एक शब्द अडला न्हाई! इच्चारा तिथल्या मानसांना!"

त्यांच्या वकिलानं डोळे मिटले. न्यायाधीश टंकलेखकाकडे वळून शांतपणे म्हणाले, "जसंच्या तसं घ्या."

हुकूम मोडल्याबद्दल भाऊसाहेबांना दिवाणी कैद झाली आणि यंत्राच्या जप्तीचा आदेश निघाला. मारहाणीचा खटला वेगळा चालला. त्यात त्या दिवशी हसलेल्या एकाही माणसाला काही दिसलं नव्हतं. पुढं कैदेतून सुटल्यावर भाऊसाहेबांच्या स्वागताला कमान लागली, आणि वर्षभरानं दुसऱ्या तालुक्यात दुसरी टेकडी फुटू लागली. सुनंदाची बोटं परत आली नाहीत. पण त्या वस्तीवर पुन्हा दगड पडला नाही. एका दाव्यानं एवढंच होतं, आणि एवढं सुद्धा क्वचित होतं.

सटवाजी निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत वारला. कोर्टात शोकसभा झाली. त्याला जन्मात कधी खुर्ची न दिलेल्या लोकांनी त्याला कर्तव्याचा मेरुमणी ठरवलं. मागच्या बाकावर धुरपताबाई आणि सुनंदा बसल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी जप्तीच्या दिवसाचंच सांगितलं.

त्या दिवशी मी त्याच्यासोबत टेकडीवर गेलो होतो. हात वाकडाच जुळलेला, तरी जप्तीचा कागद दुसऱ्या कुणाला देईना. भाऊसाहेबांची माणसं यंत्राभोवती पहारी घेऊन उभी होती, तीच माणसं. आमच्याबरोबर दोन पोलीस. त्यांचं लक्ष खाली उभ्या केलेल्या जीपकडे. सटवाजीनं सायकलच्या हँडलवरचा डबा काढला आणि चालू लागला. खडी त्याच्या पावलाखाली करकरली. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. चपला पायातच होत्या.

"सटवाजी," मी हळूच म्हणालो, "चपला."

"राहू द्या, साहेब," तो मागं न बघता म्हणाला. "आज पळायची पाळी त्याहिची." आणि यंत्रापुढे उभं राहून त्यानं डाव्या हातानं खळीचा डबा उघडला.