पुतणीने घरातलं नाटक बंद केलं तेव्हा

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीने जन्मापासून एकही गोष्ट साधेपणाने केलेली नाही. तापीकाठच्या आमच्या गावात माणसं तहान लागली की पाणी पितात. ही मात्र तांब्या हातात घेऊन आधी दाराच्या चौकटीला टेकायची, डोळे मिटायची आणि चार दिवस पाण्यावाचून चालत आल्यासारखा एकच घोट घ्यायची. गणितात नापास झाली तेव्हा आजीचं पांढरं लुगडं नेसून तिने गुणपत्रिका बापापुढे ठेवली. भाऊ रागवायचंच विसरला. संवाद म्हणायला तिला आमची केळीची बाग लागायची. एकदा ती तिथे इतकी मन लावून मेली, की तण निंदणाऱ्या बायकांना वाटलं साप चावला. त्यांनी तिला उचलून ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि ही दवाखान्याच्या पायरीपर्यंत निपचित पडून राहिली. "मध्येच उठले असते तर प्रवेश कोसळला असता, काका," असं तिने मला नंतर समजावलं. मी शहाद्याला शाळेत मराठी शिकवतो, म्हणून माझ्याशी ती मुद्दाम पुस्तकी बोलते. तेव्हापासून तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की भाऊ आधी वहिनीला विचारायचा, "रडी ऱ्हायनी का नाटक करी ऱ्हायनी?"

बारावी झाल्यावर तिने पुण्याला नाट्यशास्त्र शिकायचं म्हणून सांगितलं. भावाने हसून नर्सिंगचा अर्ज आणला. ती रडली, ओसरीवर लोळली, दोन दिवस जेवली नाही. भाऊ पेपर वाचत राहिला. त्याला ते नेहमीचंच वाटलं, आणि त्यात त्याचा तरी काय दोष?

तिसऱ्या दिवशी हे तिचं तिलाच उमगलं. माझ्याकडे येऊन म्हणाली, आजपासून घरात नाटक बंद. आणि खरंच केलं. महिनाभर ती सरळ चालली, सरळ बोलली, मुकाट्याने भाकरी थापल्या. घर घाबरलं. वहिनीने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. भावाने मला गुपचूप फोन करून विचारलं, पोरीला काही आजार तर नाही ना. दुपारच्या एसटीने मात्र ती रोज शहाद्याला माझ्याकडे यायची आणि प्रवेशपरीक्षेचा उतारा घोटायची. 'डोया' म्हणणाऱ्या जिभेला 'डोळा' शिकवताना घसा बसला तरी उठायची नाही.

मग एका सकाळी तिने नाट्यशास्त्राचा अर्ज भावापुढे ठेवला. मी गावी आलो होतो, शेजारीच बसलो होतो. तिने हात नाचवले नाहीत, आवाज चढवला नाही.

"आबा, हाई नाटक नही शे."

 भावाने चष्मा लावून सगळा अर्ज वाचला आणि खाली सही केली.

तिची निवड झाली. पुण्याच्या बसला बसवून द्यायला आम्ही सगळे शहाद्याच्या बसस्थानकावर गेलो. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोरगी आता गळ्यात पडणार, सगळं बसस्थानक गोळा करणार, अशी त्याने मनाची तयारी केलेली असावी. ती आमच्या पाया पडली, खिडकीशी जाऊन बसली, नुसता हात केला. बस निघून गेली.

"काहीच बोलनी नही रे ती," भाऊ म्हणाला.

खरं रडू आलं की ती गप्प होते, हे मला त्या महिन्यात तिचा उतारा घोटून घेताना कळलं होतं. तसं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पण रिकाम्या फलाटावरून निघायला त्याला बराच वेळ लागला.