जाळावरची हलगी

वसंतरावांनी माझी हलगी बुटानं ढकलली. हातानं नाही. काळ्या बुटाचं चकचकीत टोक कड्याला लावलं आणि मेलेला उंदीर सारावा तशी सारली. हलगी फरशीवर गरगरली आणि खुर्चीच्या पायाला जाऊन आपटली.

"काका, हे टॉयलेटच्या बाजूला ठेवा. वेदीसमोर नको."

वुडलँड्समधला भाड्याचा हॉल. साठेक माणसं. सगळी मराठी, सगळी ख्रिस्ती. माझा मुलगा शरद दुसऱ्या रांगेत बसलेला. तो मोबाइलात बघत होता. मोबाइल बंद होता.

वसंतराव आमच्या मंडळीचे एल्डर. बँकेत मोठे साहेब, आणि शरद त्यांच्याच हाताखाली. त्यांचे आजोबा जानवं काढून ख्रिस्ती झाले. जानवं काढलं, पण ते काढल्याचं सांगणं नातवानं अजून सोडलेलं नाही.

मी चौथी शिकलो. जातीनं मांग, विश्वासानं ख्रिस्ती. बायको गेल्यावर शरदनं गावाकडनं इथं परदेशात आणलं.

वसंतरावांनीच दोन महिने आधी सांगितलं होतं, "विश्वास आणि कला असा कार्यक्रम ठेवलाय. आपल्याला आपली संस्कृती प्रभूच्या नावानं नवी करायची आहे. ज्याला जी कला येते ती त्यानं आणावी." मी ऐकलं आणि छाती भरून आली. शरदला म्हटलं, माझं नाव दे. त्यानं फॉर्मवर 'ट्रॅडिशनल ड्रम' लिहिलं. हलगी लिहायची त्याला लाज वाटली. वसंतरावांना वाटलं, म्हातारा पखवाज आणील.

आता हलगी तापवावी लागते. कातडं जाळावर शेकल्याशिवाय ती बोलत नाही. इथल्या दमट हवेत तर ती ओल्या गोणपाटासारखी भदभदते. सुनेच्या घरात जाळच नाही, काचेची शेगडी. केस वाळवायचं यंत्र फिरवून बघितलं. सून म्हणाली, "बाबा, तिला कंडिशनर पण लावू का?" हसलो. पण हलगी काही तापली नाही.

हॉलच्या खाली आलो तर चिनी लोकांचा पितरांचा महिना चाललेला. एक म्हातारा लोखंडी पिंपात कागद जाळत उभा. मी हलगी दाखवली, जाळाकडं बोट केलं. त्यानं कातडं बोटानं वाजवून बघितलं, मान हलवली आणि बाजूला सरकला. "कॅन, अंकल, कॅन." म्हणजे शेक की. त्यानं माझी जात विचारली नाही. मी हलगी शेकली. टिपरू मारलं, आणि अशी कडाडली की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

ते वसंतरावांनी जिन्यातून बघितलं. मी वर येऊन हलगी वेदीसमोर ठेवली.

"भुतांच्या जाळावर शेकलेलं वाद्य प्रभूपुढं?" सगळ्यांसमोर म्हणाले. मग जवळ आले, आवाज उतरवला. "आणि तसंही हे मढ्यापुढं वाजायचं. आपली माणसं कुठल्या कुठं पोचलीत बघा जरा. मांगवाडा बॅगेत भरून आणायचा नसतो, काका."

आणि मग तो बूट.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा बापानं बाप्तिस्मा घेतला. नदीतून वर आला आणि ओल्या अंगानं, काठावर पाचोळा पेटवून त्यानं हीच हलगी तापवली. वाजवली. मढं नव्हतं, बैल नव्हता, पाटलाची वरात नव्हती. पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या मनानं वाजवली. चार दिवसांनी पाटलाची आई मेली. माणसं बोलवायला आली. बाप म्हणाला, "आता म्या माझ्या प्रभूपुढंच वाजवनार."

चावडीपुढं नेला. उजवा हात दगडावर धरला, वर दुसरा दगड घातला. एकदा नाही. मी बापाच्या पायाला मिठी मारून होतो. लाथ बसली, माझे पुढचे दात गेले. बोटं मोडताना आवाज येतो. वाळल्या तुरकाट्यांसारखा.

मिशनचा पाळक आला. पट्टी बांधली, रडला. चांगला माणूस. पण जाताना म्हणाला, "ते वाद्य आता टाक. ते जुन्या आयुष्याचं." बापानं डाव्या हातानं हलगी खुंटीला लावली. गावाचा दगड त्यानं सोसला. हे सोसलं नाही. मेला तोवर त्या भिंतीकडं तोंड करून झोपला नाही.

बूट सरकला आणि मला तो दगड दिसला.

मी वसंतरावांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. माझे हात गवंडीकामाचे आहेत. ते गुडघ्यावर आले. हाड माझ्या बोटाखाली लागत होतं. आणखी थोडा जोर, बास. देवाशप्पथ सांगतो, मोडावंसं वाटलं.

"उचल."

"काका, पोलिसांना बोलवीन. शरद माझ्या डिपार्टमेंटला आहे, विसरू नका."

"उचल. दोन्ही हातांनी."

"बाबा!" शरद ओरडला. "सॉरी म्हणा. प्लीज."

मी पीळ सैल केला. वसंतरावांनी हलगी उचलली. दोन्ही हातांनी. मी मनगट सोडलं, हलगी घेतली आणि वेदीसमोर उभा राहिलो. कुणीतरी माइक बंद केला. हलगीला माइक लागत नाही. बापानं नदीकाठी वाजवलेला ठेका वाजवला. बोटं फुटली, कड्यावर रक्त आलं. निम्मे उठून गेले. निम्मे बसले. टाळी कुणीच वाजवली नाही.

त्यांना संस्कृती नवी करायची होती. व्हायोलिन होतं, पडद्यावर चित्रं होती, नऊवारीतल्या मुलींचा नाच होता. कलेतला मांग तेवढा नको होता. जो हात ठेचला तो तसाच ठेवून वरून रंग द्यायचा, याला मी नवं म्हणत नाही.

मनगट पिरगाळलं ते बरोबर की चूक, ते मी प्रभूशी बोलेन. वसंतरावांशी नाही.

काल शरदनं माफीचा कागद छापून आणला. "बाबा, फक्त सही. नाहीतर माझी नोकरी जाईल." पेनाचं टोपण त्यानं दोनदा काढलं, दोनदा लावलं. माझं पोर आहे, मला दिसतं. कागद वाचायला मला अर्धा तास लागला. त्यात लिहिलं होतं की मी अशुद्ध वाद्य आणलं.

त्या शब्दावर मी काट मारली. मग सगळ्या कागदावर मारली.

"तुझ्या नोकरीचं मला वाईट वाटंल," म्हटलं, "पण तुझ्या आज्याची बोटं मी सही करून देणार नाही."

तो उठून गेला. दार आपटलं. अजून बोलत नाही.

रविवारी मी जाणार. आधी त्या पिंपापाशी. चिनी म्हातारा असंल तर त्याला विचारून, नसंल तर माझा जाळ मी पेटवीन. हलगी कडाडेपर्यंत शेकीन आणि जिना चढीन.

वेदीपुढं बूट आला, तर या वेळी मनगटाला हात घालणार नाही. टिपरू थांबणार नाही, एवढंच.