पांढऱ्याचा उलटा बाजार

परभणी जिल्ह्यात नमस्कार करण्याआधी समोरच्याला खोकायला लावणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. तो परभणीचा डॉक्टर, मी मानवतचा कापूस व्यापारी. पाथरीला सासुरवाडीत त्याला खुर्ची आणि मला सतरंजी, हे लग्नापासून चालत आलेलं. हमाली करून स्वतःचं दुकान उभं केलेला माणूस असल्या गोष्टी विसरत नाही. बरं, खुर्चीत बसून हा करायचा काय? माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरतोय तोच याने विचारलं, "रात्री घाम येतो का?" नवरदेव म्हणाला, "आजच यायलाय." साडूने तेही टिपून घेतलं.

हे सगळं जायचं त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटात. आमच्याकडे बँकेतसुद्धा ते यंत्र नीट पोचलं नव्हतं तेव्हा याने दवाखान्यात आणून बसवलं. एकुलता एक कूलर त्याला; पेशंट बाहेर पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. थंडीत त्याच्यावर गोधडी. मेहुणी म्हणायची, "मला ताप आला तरी हे आधी त्याच्या अंगाला हात लावून बघतील." छातीच्या एक्स-रेवर चौकटी आखलेला पातळ कागद ठेवायचा, मागे ट्यूबलाइट लावायची आणि चौकटी-चौकटीला पांढरेपणाचा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काळंभोर, नऊ म्हणजे पांढरंफेक. हे आकडे, वय, वजन, खोकला, ताप असं सगळं यंत्रात भरलं, की ते जुन्या पेशंटांशी ताडून सांगायचं, हा माणूस क्षयाच्या बाजूचा की नाही. फिल्मवरच्या नावाला चिकटपट्टी लावलेली, म्हणजे आकडा देताना तोंड बघणं नको. आणि आकडे दोघांनी वेगवेगळे द्यायचे. दुसरा म्हणजे त्याचा कंपाउंडर.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत, ऐन थंडीत, आमच्या हिला खोकला लागला. काढे झाले, इंजेक्शनं झाली, खोकला जाईना. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलं, तर बंदमुळे एसटी जागच्या जागी उभ्या. कशीबशी जीप मिळवून परभणी गाठली. साडूने हिचा एक्स-रे काढला, हिला आत मेहुणीजवळ पाठवलं आणि मला चहा देऊन तो स्वतः कॉम्प्युटरच्या खोलीत दार लावून बसला. चहा निवून गेला तरी बाहेर येईना. शेवटी दार उघडून म्हणाला, "या. कंपाउंडर बंदमध्ये अडकलाय. दुसरा डोळा आज तुमचा."

टेबलावर फिल्मांची चवड होती. मी विचारलं, "हिची कोणती?"

"सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही घासाघीस करणार."

"बायको हाय ती माझी!"

"म्हणूनच."

मी केव्हाच उठून गेलो असतो, पण भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येत होता. बसलो. तिथला सगळा बाजारच उलटा! कापसात पांढरं दिसलं की आमचा जीव सुखावतो. इथे पांढरं दिसलं की संपलं. प्रत्येक फिल्म उजेडावर चढली की मी आधी ती हिची आहे का ते ताडायचो. एक बारीक चणीची, स्वच्छ काळी फिल्म आली. हीच ती, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि हायसं वाटून आकडे भराभर सांगितले. मग दुसरी चढली. वरच्या कोपऱ्यात पांढरा डाग.

"आठ," मी म्हणालो.

"नीट बघा, साडूभाऊ."

"आठ म्हणजे आठ. हा माल भिजलेला हाय. आमी असला दारातून परत लावतो."

आठची कळ दाबायला साडूने फार वेळ लावला. पुढे छपाईयंत्र करकरलं. कागद वाचून त्याने त्या फिल्मवरची चिकटपट्टी सोलली. खाली हिचं नाव.

मी त्याची कॉलर धरली. "माझ्याच बायकोचा भाव माझ्याच तोंडानं पाडून घेतला तुमी!"

त्याने कॉलर सोडवली नाही. "तुम्ही चहा घेत होता तेव्हा मी दिले होते आकडे," तो म्हणाला. "खोडले, पुन्हा दिले. पुन्हा खोडले. दर वेळी त्या कोपऱ्यात माझ्या हातून दोनच पडायलेत."

थुंकी तपासली, क्षयच निघाला. वेळेत सापडला म्हणून महिनोन् महिने गोळ्या खाऊन ही उभी राहिली. साडू पुढे मुलीकडे राहायला गेला. जाताना यंत्र कुणाला दिलं, मी विचारलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही, हेही इथे लिहून ठेवतो. पण हल्ली मोसमात गाडीतला कापूस उचकून मी तोंड वाकडं केलं, की शेजारी उभा असलेला शेतकरी माझ्या बोटांकडे बघत श्वास धरतो. ते मला आता दिसतं. भाव मी वाढवत नाही. फक्त बोलायला जरा वेळ लावतो.