फाट्यावरची नोकरी

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. लिंबागणेशच्या अलीकडं आमच्या फाट्यावर रोज सकाळी उभं राहायचं, बस्स! बीडची एसटी वेळेवर येत असती, तर आम्ही एकमेकांची नावंसुद्धा विचारली नसती. मी बीडात वकिलाकडं टायपिंग करतो. जावेदभाई टेलर, काकडेमामा शाळेत शिपाई. आणि सविता, डी.फार्म झालेली, शेजारच्या वस्तीवरची सून.

*

सविताचा इंटरव्ह्यू बीडच्या एका मेडिकलवर झाला. शेठनं शिक्षण विचारलं, मार्क विचारले, खूश झाला. मग म्हणाला, "येणार कशी?"

"एसटीनं."

शेठनं चष्माच काढून ठेवला! "एसटीनं? दुसरं काई न्हाई का?"

शेवटी म्हणाला, महिनाभर बघू, पण उशीर चालणार नाही. घरात पगार आणणारी ती एकटीच, नवरा पाय मोडून खाटेवर. त्या दिवसापासून वेळ टळली की फाट्यावर सगळेच घड्याळ बघायला लागले.

*

जावेदभाई रोज स्टँडवर फोन लावतात. पलीकडून उत्तर ठरलेलं, "निघाली!" एकदा तीनदा लावला, तिन्ही वेळा "निघाली!"

मामांनी फोन ओढून घेतला. "साहेब, स्टँडातून गाडी निघाली का घरून डायवर निघाला, तेवढं सांगा!"

फोन कट! आम्ही खो खो हसलो. सविता मात्र वळणाकडं बघत होती.

*

मग आम्ही जीपचा नाद धरला. जीपवाल्याचं तत्त्व एकच, भरल्याशिवाय हलायचं नाही. "दोनच शीट पायजेत, मंग सोडतो!" शीट म्हणजे आम्ही, माणसं.

सगळे आत कोंबून बसलो आणि वळणावरून एसटी आली! ड्रायव्हरनं पाहिलं, फाट्यावर चिटपाखरू नाही. गेला तसाच पुढं! आम्ही आतून बोंबलतोय, दार काही उघडेना.

जीपवाला शांतपणे म्हणाला, "आता कावून गडबड करता? ती तर गेली."

त्या दिवशी शेठनं सविताला सगळ्या गिऱ्हाईकांसमोर झापलं. ऐकून मला असा संताप आला! पण करतो काय?

*

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेची मुक्कामी गाडी धरू लागली. लेकरू झोपेतच सोडायचं आणि बीडात बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचं. दोन-चार दिवस समोरच्या चहावाल्यानं पाहिलं, मग बायकोला पाठवलं.

बाई हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा, मारतो का तो?"

"अवं न्हाई! एसटीमुळं बसलेय!"

"आमी बी आदी असंच सांगायचो," म्हणून बाईनं तिच्या हातात चहा दिला.

पुढं लेकराला ताप आला आणि सविता परत आमच्या गाडीवर आली. दोनदा उशीर झाला. शेठ एक अक्षर बोलला नाही. त्याची तर जास्तच भीती वाटली.

*

परवाची गोष्ट. गाडीचा पत्ता नव्हता. पलीकडच्या गावची एक पोरगी घाईघाईनं फाट्यावर आली. इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल. सविताजवळ जाऊन म्हणाली, "ताई, बीडची गाडी गेली का हो?"

"न्हाई अजून."

"मला लई टेन्शन आलंय. मेडिकलवर इंटरव्ह्यू हाय."

"कोणत्या?"

पोरीनं दुकानाचं नाव सांगितलं. सविताचंच दुकान! "आदीची बाई रोज उशिरा येती म्हणं. शेठ म्हणले, टायमावर येणारी पायजे."

जावेदभाईंनी कानाचा फोन खाली घेतला. मामा रस्त्याकडं बघायला लागले.

सविता दगडावर बसली होती. तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकामी जागा हातानं झाडली.

"बस खाली," ती म्हणाली, "अजून लई टाइम हाय."