धोंडूकाकांचा थांबलेला ठिपका

चालू आहे पण कामाला नाही, अशी कोणतीही वस्तू धोंडू कळंबट्यांना बघवत नाही. माणसं तेवढी चालतात, कारण त्यांना बटण नसतं.

पंखा फिरतोय आणि खाली कोणी बसलेलं नाही, की काका उठलेच. न्हाणीतला दिवा, देवघरातला बल्ब, शेजाऱ्यांच्या ओट्यावरचा बल्बसुद्धा. एकदा तर रात्री फ्रीज कोण उघडतं, असा विचार करून त्यांनी तोही बंद करून टाकला. सकाळी दूध नासलं. मालनकाकूंनी पातेलं त्यांच्या नाकाखाली धरून एवढंच विचारलं, की रातचं कोण बोलत नाय, तर तुमचं घोरणं बी बंद ठेवता काय.

या खोडीला एसटीने खतपाणी घातलं होतं. काकांची उमर रत्नागिरी-कोल्हापूर गाडीवर गेली. आंबा घाट चढताना दुसरे ड्रायव्हर इंजिनाला रडवायचे, काका त्याला गोंजारत वर न्यायचे. स्टँडला गाडी लागली की इंजिन बंद. लिटरमागे जास्तीत जास्त किलोमीटर काढल्याबद्दल त्यांचा डेपोत शाल-नारळ देऊन सत्कार झाला होता. शाल त्यांनी अजून पांघरलेली नाही. उगाच झिजेल.

निवृत्तीनंतर घरी बसून काका किती गोष्टी बंद करतील, या धास्तीने काकूंनीच त्यांना शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घ्यायला लावली. काम जमलं. पोरांना काका आवडायचे, आयांना काकांची वेळ आवडायची. कोकणनगरच्या बायका काकांचा हॉर्न ऐकून कुकर खाली उतरवायच्या.

मग शाळेने ॲप आणलं. ड्रायव्हरने आपल्या फोनवर ते चालू ठेवायचं, म्हणजे पालकांना व्हॅन नकाशावर हिरवा ठिपका होऊन सरकताना दिसते. काकांचा मुलगा निलेश मुंबईला असतो. गणपतीत येताना तो बापासाठी स्मार्टफोन घेऊन आला आणि दोन दिवस बसून त्याने शिकवणी घेतली. त्यातलं निम्मं काकांच्या डोक्यावरून गेलं. एक गोष्ट मात्र त्यांनी एका झटक्यात उचलली. खालून वर बोट सरकवलं की उघडलेली सगळी ॲप पत्त्यांसारखी ओळीने उभी राहतात आणि एकेकाला वर भिरकावलं की ते गायब होतं. म्हणजे एवढे सगळे आत चालू होते! काकांना तो फोन आपल्यासाठीच बनवला असावा असं वाटलं. दिवसातून कितीदा तरी ते आत डोकावायचे आणि जो सापडेल त्याला उडवायचे. निलेशचा व्हिडिओ कॉल संपला की व्हॉट्सॲप उडालं. पंचांग बघून झालं की पंचांग उडालं.

शाळेचं ॲपही त्यातून सुटलं नाही. त्याचं कारण मात्र एसटीवाल्यालाच सुचेल असं होतं. एसटीत गाडी स्टँडवर आली की कंट्रोलरकडे नोंद करायची आणि पुढे निघायचं. मधल्या रस्त्यात गाडी कुठे आहे, हे गाडीला आणि ड्रायव्हरला ठाऊक असलं की पुरे. काकांनी नव्या ॲपचा तोच अर्थ लावला. थांबा आला की ॲप उघडायचं, ठिपका जागेवर आला की झाली नोंद. पोर आत बसलं की ॲपला भिरकावायचं आणि क्लच दाबायचा. एखाद्या वेळी काका विसरलेच, तर फोन त्यांच्यावर ताण होता. स्क्रीन काळी झाली की थोड्या वेळाने तो स्वतःच ॲपचा गळा दाबायचा. एका कंजुषाच्या हातात दुसरा कंजूष दिला होता.

इकडे पालकांच्या फोनवर ठिपका साळवी स्टॉपला जाऊन बसायचा, तो हलायचं नाव घ्यायचा नाही. मग एकदम बेडकासारखी उडी मारून नाचणे रोडला. पालकांच्या ग्रुपवर याची चर्चा सुरू झाली. साळवी स्टॉपला वडापावची गाडी लागते, हे सगळ्या रत्नागिरीला माहीत असल्यामुळे निदान व्हायला वेळ लागला नाही. कोणीतरी वड्याचं चित्र टाकलं. कोणीतरी विचारलं, काका चटणी सुकी घेतात की ओली. रितेश भातडे, म्हणजे चौथीतल्या संस्कृतीचे बाबा, पतपेढीत वसुलीला आहेत. त्यांना चेष्टा कळते, पण सोसत नाही. त्यांनी लिहिलं, पोरं गाडीत बसवून ड्रायव्हर नाश्ता करत असेल तर विषय गंभीर आहे.

काकांना ग्रुपचा पत्ताच नव्हता. ते त्यात नव्हतेच, आणि असते तरी व्हॉट्सॲप उडवून बसलेले.

आणि मग एका सोमवारी व्हायचं ते झालं. कोकणनगरात तिसऱ्या माळ्यावर इफ्फत मुकादम राहते. नवरा कुवेतला, मुलगा उमेर दुसरीत, आणि ती स्वतः घरून एका पुण्याच्या कंपनीचं काम करते. त्या सकाळी तिने ठिपका पाहिला, तो साळवी स्टॉपलाच होता. म्हणून तिने उमेरला सावकाश घावणे खाऊ दिले. खाली हॉर्न वाजला तो तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. काका पोराला टाकून जाणाऱ्यातले नाहीत. ते थांबले, हॉर्न मारत राहिले, शेवटी जिने चढून वर गेले. उमेर चड्डी घालायच्या तयारीत होता.

व्हॅन शाळेला पोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं. सगळी पोरं प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभी राहिली. पोरांना मजाच वाटली. काका मात्र स्टिअरिंगला धरून बसून राहिले. घाटात दरड कोसळली ती वेळ सोडली, तर त्यांची गाडी कधी लेट झाली नव्हती.

संध्याकाळी भातडे स्वतः येऊन सांगून गेले. शनिवारी पालकांची बैठक आहे. दुसरा एक व्हॅनवाला तयार आहे, त्याच्या गाडीतच यंत्र बसवलेलं आहे, ठिपका कधी थांबत नाही. तुम्ही वड्याच्या गाडीवर थांबता, असं सगळे म्हणतात. काका आणि वडा! बाहेरचं खायचं म्हणजे घरच्या चुलीचा अपमान, असं मानणारा हा माणूस. व्हॅन गेली असती तर पोटाला कमी पडलं नसतं, पेन्शन होती. पण गावभर झालं असतं की धोंडू कळंबटे म्हातारपणी कामचुकार झाला.

इफ्फतला रात्रभर उमेरचे घावणे आठवत राहिले. तिचं कामच मुळी फोनमधल्या ॲपच्या चुका शोधायचं. दुसऱ्या दिवशी ती उमेरला घेऊन खाली आली आणि सरळ काकांच्या शेजारच्या सीटवर बसली. म्हणाली, आज मी पण शाळेत येते. मागे पोरांनी टाळ्या पिटल्या.

पुढच्या थांब्यावर समीक्षा नावाची एक लहानगी चढली. काकांनी फोन घेतला, ॲप उघडलं, ठिपका पाहिला आणि अंगठ्याने त्याला छपराकडे भिरकावलं. मग चार्जरची वायरही काढून ठेवली. इफ्फत बघतच राहिली.

"काका, हे काय केलंत?"

"नोंद झाली. आता त्यास चालू ठेवून काय करायचंय, बाय? बॅटरी जळते."

इफ्फतने हसू दाबलं. मग पोरं शाळेत सोडून झाल्यावर तिने काकांना व्हॅन आंब्याच्या सावलीला लावायला सांगितली आणि समजावायला घेतलं. त्या पत्त्यांसारख्या ओळीत दिसतात ती सगळी ॲप चालू नसतात. बहुतेक झोपलेली असतात, फोनच त्यांना झोपवतो. झोपलेलं ॲप बॅटरी खात नाही म्हटलं तरी चालेल. त्याला हाकलून परत बोलवायचं, तर फोनला सगळी मांडामांड पहिल्यापासून करावी लागते, आणि बॅटरी जाते ती त्यात.

काकांनी फोन हातात घेऊन ती ओळ पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, "म्हंजे त्या गाड्या डेपोत लावलेल्या हायत."

"डेपोत?"

"इंजिन बंद, पन गाडी धुवून पुसून हुभी. आनी मी रोज एकेक गाडी भंगारात काढून, सकाळी पुन्हा नवीन बांधून घेतो."

इफ्फत म्हणाली, याहून चांगलं तिला आजवर कोणी समजावलेलं नाही. जागा कमी पडली की कोणती गाडी डेपोतून काढायची, तेही फोन बघतो. आपण त्यात हात घालायचा नाही.

"तो कंट्रोलरचा प्रश्न," काका म्हणाले. कंट्रोलरच्या कामात ड्रायव्हरने बोलायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण एक शंका राहिलीच. "मंग हा उडवायचा खेळ ठेवला कशास?"

एखादं ॲप अडकून बसलं तर काढायला, ती म्हणाली. बाकी वेळा एकातून दुसऱ्यात जायला. "आणि काका, शाळेचं ॲप डेपोतली गाडी नाही. ते तुमच्यासोबत ड्युटीवर असतं. घाटाच्या मध्यावर तुम्ही इंजिन बंद कराल?"

एवढं पुरलं. काकांनी कानाची पाळी धरली. मग इफ्फतने फोनच्या सेटिंगमध्ये शिरून दुसऱ्या कंजुषाचाही बंदोबस्त केला. दुकानात बॅटरी जास्त टिकते असं सांगता यावं, म्हणून काही कंपन्या फोनला असा हात आखडायला शिकवतात, असं ती बडबडत होती. बॅटरीच्या पानावर तिने त्या एका ॲपवरचं बंधन काढून टाकलं.

फोन सुधारला, पण अंगठा सुधारायला वेळ लागला. बुधवारी शेवटच्या थांब्याला तो सवयीने वर गेलाच. मागून समीक्षा ओरडली, "काका, घाटात बंद केलात!" इफ्फतने पोरांना काय पढवून ठेवलं होतं, देव जाणे. त्यानंतर काकांनी फोन काचेजवळच्या स्टँडला अडकवला, चार्जर लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गुरुवारी ठिपका कोकणनगरापासून शाळेपर्यंत न थांबता, न उडी मारता गेला. संध्याकाळी काकांनी बॅटरी बघितली. होती. त्यांना जरा राग आला, की एवढे दिवस आपण वाचवत होतो ते काय होतं.

पण पस्तावलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. फेरी संपली की ॲपमधलं 'फेरी पूर्ण' हे बटण दाबायचं असतं. काकांनी आता कशालाच हात न लावण्याची शपथ घेतली होती. शुक्रवारी पोरं सोडून झाली, तरी ठिपका चालूच राहिला. तो रिकाम्या व्हॅनबरोबर मारुती मंदिराला गेला, सलूनसमोर थांबला आणि दुपारी मिरकरवाड्याच्या मासळी-बंदराला उतरला. सगळे पालक बघत होते. कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, काका दाढी करून मासळीला गेले. त्यावर दुसरा म्हणाला, बांगडा आलाय का विचारा.

इफ्फतने काकांना तडक फोन लावला आणि बटणाचं सांगितलं. काका बांगड्यांच्या टोपलीसमोर उभे होते. आधी ते ओशाळले. मग म्हणाले, "दिसू दे गो. निदान वडा खाताना तर दिसलो नाय."

"नाही काका. ड्युटी संपली की तुमचा दिवस तुमचा. दाबा ते बटण."

काकांनी दाबलं, पण थोडं सावकाश. आधी त्यांनी ग्रुप उघडला. इफ्फतने सकाळीच त्यांना त्यात घेतलं होतं आणि ठिपका का थांबायचा, तेही सगळ्यांना लिहून कळवलं होतं. वरून खाली वाचत ते भातड्यांच्या निरोपापर्यंत आले. उद्याची बैठक रद्द, असं भातड्यांनी लिहिलं होतं. सोमवारच्या उशिरात चूक काकांची नव्हती, माझ्याकडून जास्त बोललं गेलं. आणि त्याच्याच खाली, अर्ध्या मिनिटानंतर आलेला दुसरा निरोप होता. काका, अजून बंदरावरच असाल तर आमच्यासाठीही वाटा घ्या, संस्कृतीला बांगडा फार आवडतो.

काकांनी कोळणीला आणखी एक पिशवी मागितली. तिने मोकळ्या हाताने पिशवी भरली. व्हॅनकडे जाताना काकांनी फोन खिशात टाकला, आतली एकही वस्तू न उडवता.