दिवा तर जळत होता

काही केसेसची आठवण काढावी लागते, ही आपणहून येते. कुणाच्या घरी संडासाची टाकी तुंबली एवढं नुसतं कानावर पडलं, तरी निमगाव केतकीच्या पुढची ती वस्ती माझ्यासमोर उभी राहते आणि हातातला चहा नकोसा होतो. निवृत्तीनंतर बारामतीत येऊन राहिलो, नातवंडांत रमलो, पण हिनं काही पाठ सोडली नाही.

माझी नेमणूक तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. एका दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला. वस्तीवरच्या एका बागायतदाराचा थोरला मुलगा घरामागच्या सेप्टिक टँकमध्ये पाय घसरून पडला आणि जागीच गेला. कर्ता माणूस, लग्न झालेला. हवालदार जाऊन पंचनामा करून आले, प्रेत शवविच्छेदनाला गेलं, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ‘अपघात’ हा शब्द आमच्या खात्यात फार स्वस्त आहे. एकदा लिहिला की कागद मिटतो. मला तो सहजासहजी पचायचा नाही, आणि म्हणून माझ्या हाताखालची माणसं माझ्यावर वैतागलेली असायची.

सावडणं झालं त्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. “त्यो पडला न्हाय, साहेब. धाकट्याला इचारा. भावाभावात पाण्याच्या पाळीवरनं लय जुंपली हुती.” नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. असे फोन भावकीतून येतात हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कुणाचं तरी जुनं उणंदुणं असतं, माणूस मेला की त्याला पाय फुटतात. पण म्हणून ते खोटंच असतं असंही नाही.

मी पंचनामा पुन्हा काढला आणि माझं डोकं फिरलं. टाकीचा ढापा, म्हणजे वरचं सिमेंटचं झाकण, काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. मयताचा शर्ट, घड्याळ आणि मोबाईल शेजारच्या कट्ट्यावर. पहार टाकीच्या आत. शवविच्छेदनाच्या कागदात मरणाचं कारण राखून ठेवलेलं, पण दोन्ही काखांतून दोराचा वळ.

“हवालदार, पाय घसरणारा माणूस आधी शर्ट काढून घडी घालतो का?”

“साहेब, घरचे सगळे एकच सांगतायत.”

“तेच तर म्हणतोय मी.”

खरं बोलणाऱ्यांचे जबाब कधी तंतोतंत जुळत नाहीत. एक म्हणतो जेवण व्हायचं होतं, दुसरा म्हणतो झालं होतं. इथं भाऊ, बायको, आई, तिघांच्या तोंडी तेच वाक्य होतं. पाय घसरला आन् आत गेला. असं एका सुरात बोलणं घरात बसून ठरवल्याशिवाय जमत नाही. म्हाताऱ्या बापाला धक्का बसलाय म्हणून घरच्यांनी हवालदारांना त्याच्यापर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

धाकट्याला चौकशीला बोलावलं. डोक्याचं मुंडन झालेलं, हातापायांनी दणकट, पण नजर जमिनीला चिकटलेली. पाणी दिलं, प्यायला नाही. मी सरळ विचारलं, काखेत दोर कसा आला? म्हणाला, वर काढायला बांधला. मी म्हटलं, बेशुद्ध माणसाच्या काखेत दोर बांधायला आत कोण उतरलं होतं? शर्ट कोणी काढला? मी आवाज चढवला. खुनाचं कलम लागेल, जन्म तुरुंगात जाईल, बहिणीचं लग्न राहील, असं सगळं सुनावलं. तेव्हा तो वर बघून म्हणाला, “लावा कलम. मीच ढकललं म्हणून लिवा.”

आयुष्यभर मी चोर-दरोडेखोरांना नाकबूल होताना पाहिलंय. अंगावर खून मागून घेणारा बघितला की आमच्यासारख्याला आनंद होत नाही, चीड येते. कारण तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

“ढकललंस ना? मग आधी दोर बांधून ढकललंस का रे?” मी म्हणालो. त्यानं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते. त्या रात्री त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. सुतकातली बाई उंबरा ओलांडत नाही, आणि ही सरळ रिक्षा करून आली होती. महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिचं ऐकलं.

“भावजींना सोडा, साहेब. त्यांनी काय केलं न्हाय. पण मी सांगीन ते आमच्या तात्यांना कळता कामा न्हाय.”

तात्या म्हणजे तिचे सासरे. तिनं सांगितलं ते असं. धाकट्या नणंदेला बघायला दुसऱ्या दिवशी बारामतीकडची मंडळी येणार होती. नेमकी टाकी तुंबली, घाण उलटी संडासातून वर यायला लागली. टाकी उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, परवाशिवाय जमायचं नाही. घरात पाहुणे आणि घरभर वास, ही कल्पनाच कुणाला सोसेना. थोरला म्हणाला, मीच उतरून पाईपचं तोंड मोकळं करतो. धाकटा नको म्हणत होता. शेवटी तात्यांना विचारायचं ठरलं.

तात्यांना विचारायचं, कारण त्यांचा उमेदीचा सगळा काळ विहिरी खोदण्यात आणि गाळ काढण्यात गेला होता. विहिरीत माणूस उतरवण्याआधी बादलीत पेटता दिवा ठेवून दोरानं तळाशी सोडायचा, ही त्यांची रीत. दिवा विझला तर आत हवा नाही, कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर खुशाल उतरा. पंचक्रोशीत त्यांच्या दिव्यावर विश्वास होता आणि त्यांच्या हाताखाली कधी माणूस दगावला नव्हता. तसाच दिवा त्यांनी टाकीत सोडला. जळत राहिला. “उतर, हवा चांगली हाय,” म्हणाले, आणि घाण टाकायला खड्डा बघावा म्हणून रानात गेले.

“ह्यांनी पहारीनं गाळ ढवळला आन् बसल्या जागी कोसळले. उतरायच्या आधीच काखंत दोर बांधला हुता, भावजींनी त्यो वढला, त्यांचं बी डोकं गरगरलं. वर काढलं तवा काय उरलं नव्हतं. तात्या आले तर आम्ही सांगितलं, ॲटॅक आला. आन् तुमाला सांगितलं, पाय घसरला. आत उतरले म्हटलं असतं, तर कुणी उतरवलं म्हणून तुमी इचारलंच असतं.”

मी शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, दिव्यावरून जळण्यापुरती हवा आहे एवढंच कळतं. मैल्यातला विषारी वायू दिवा विझवत नाही. शिवाय तो गाळात दबून बसलेला असतो, ढवळला की भसकन वर येतो आणि एक-दोन श्वासांत माणूस आडवा होतो. वर त्यांनी हेही सांगितलं, की अशा टाकीत पेटतं काही सोडणं म्हणजे भडक्याला आमंत्रण. तो उडाला नाही हेच नवल.

म्हणजे गुन्हा कुणाचाच नव्हता. धाकट्याला जीपमध्ये घेतलं आणि मी स्वतः वस्तीवर निघालो. मनाशी ठरवलं होतं, मयत स्वतःच्या मर्जीनं उतरला एवढं लिहायचं, ते खरंच होतं, आणि म्हाताऱ्याला काही विचारायचंच नाही. भावकीतली कुजबुज पोलीस पाटलांकडून बंद करता आली असती.

पण तात्या ओट्यावर माझीच वाट बघत बसले होते. उंच, वाळलेले, पाठ अजून ताठ. मुलगा जीपमधून उतरताना दिसला तसे उठून माझ्यासमोर आले.

“साहेब, माझ्या पोराला उगंच धरलंय तुमी. माझी साक्ष घ्या. मी सोता दिवा सोडून बघितला हुता. तळापातुर जळत हुता, जरा बी इझला न्हाय. म्हंजी हवा चांगली हुती. थोरल्याला ॲटॅकच आला, त्याला हा तरी काय करणार? लिवून घ्या.”

दारात सून उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “लिहितो, तात्या. तुमचा मुलगा मोकळा आहे.” तिथंच सगळं संपलं असतं. मी वळलोही होतो.

“मग बरं झालं,” तात्या म्हणाले. “उद्या कळंबच्या वाटंवरच्या वस्तीला जायचंय. त्येंची बी टाकी तुंबलीया. सुतक हाय म्हणून न्हाय म्हणत हुतो, पर पोरगं त्येंचं आत उतरणार, दिवा कोण सोडणार? नडलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?”

मी जागीच थांबलो. सुनेनं पदर तोंडाला लावला. धाकटा मान हलवून मला नको नको म्हणत होता. आता गप्प बसणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

“तात्या, तिथं जाऊ नका. कुणाला उतरूही देऊ नका.”

“का?”

“असल्या टाकीत विष असलं तरी दिवा जळतो.”

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. नवशिक्या गड्याला समजवावं तसं ते मला हवा आणि दिवा समजावू लागले. मी डॉक्टरांनी सांगितलेलं शांतपणे पुन्हा सांगितलं. बोलता बोलता ते थांबले. सुनेकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं. दोघांनी माना खाली घातल्या आणि म्हाताऱ्याला सगळं उमगलं. ते खाली बसले. रडले नाहीत. मुलीला हाक मारून म्हणाले, “त्या वस्तीवर फोन लाव. उतरू नका म्हणावं. गाडी यीस्तोवर थांबा म्हणावं. तात्याच्या दिव्यावर जाऊ नका म्हणावं.”

फोन लागला. समोरच्यांनी ऐकलं, याची मी स्वतः खात्री करून घेतली.

जीपपाशी धाकट्यानं मला गाठलं. “एवढं बोलायलाच लागतं व्हय, साहेब? मी जेलात गेलो असतो तरी चाललं असतं.” मी त्याला विचारलं, त्या वस्तीवर उद्या कोण उतरणार होता? तो घराकडे वळला. परत जाताना मला त्याचा राग आला नाही.

या केसनं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी साधं सांगतो. टाकी तुंबली तर पाणी सोडणं बंद करा, शेजाऱ्यांचा संडास वापरा, पाहुण्यांना खरं कारण सांगून पुढची तारीख द्या. ढापा उघडून आत डोकावू नका, पेटतं काही जवळ नेऊ नका आणि कुणी कोसळलंच तर त्याच्यामागे उतरू नका. बारामतीची ती मंडळी दोन दिवसांनी आली असती, एवढाच काय तो प्रश्न होता.

बाकी शिकलो ते सांगण्यासारखं नाही. दोषी माणसाला त्याचा दोष दाखवताना मला कधी जड गेलं नाही. त्या दिवशी मात्र ज्याचा काडीचा दोष नाही, त्याच्या पदरात मी त्याच्या लेकाचं मरण टाकून आलो, आणि तसं केलं नसतं तर दुसऱ्याचा लेक गेला असता. यातून वाट होती का, हे मी पुष्कळदा शोधलं. सापडली नाही.

केस बंद झाल्यावर मी मुद्दाम पुन्हा वस्तीवर गेलो होतो. म्हटलं, “तात्या, विहिरीसाठी तुमची रीत चुकीची नव्हती. तुम्ही किती माणसं सुखरूप वर आणलीत.” ते कडब्याच्या गंजीकडे बघत बसले होते. त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटून मी तेच पुन्हा म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, “त्यो खाली जाताना इचारत हुता, तात्या, नक्की ना? मी म्हणलं, नक्की.”